लाटण्यावर बसलेली साळुंकी

(मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका फ्लॅटचा हॉल. टीपॉयवर साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन, स्पीकर चालू. पलीकडे ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावातून मुलगी रचना. अलीकडे वडील देवानंद, निवृत्तीला आलेले एसी डक्टचे इंजिनियर. आई गिरिजा स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आणि या बोलण्याशी तिचा काही संबंध नाही असं बापलेकीला अजून वाटतंय.)

रचना: ...आणि शेवटची स्लाइड पोपटांच्या घरट्यासाठी तुम्ही केलेल्या पेटीची. बाबा, ऐकताय ना? 'मस्कतमधली चाचणी शंभर टक्के यशस्वी. एकही साळुंकी आत शिरू शकली नाही.' असंच ठेवू?

देवानंद: शंभर नको लिहूस.

रचना: तुम्हीच लिहून पाठवलंत. फील्ड ट्रायल रिपोर्ट, रिव्हिजन तीन.

देवानंद: इंजिनियरिंगमध्ये शंभर टक्के काही नसतं बाळा. टॉलरन्स ठेवावा लागतो. सत्त्याण्णव लिही.

गिरिजा: उरलेल्या तीन टक्क्यांत चार अंडी मावतात का, तेही विचार त्यांना.

रचना: आई, तू आहेस होय तिथे. जेवलीस का?

गिरिजा: हो, कधीच.

रचना: अंड्यांचं काय म्हणालीस?

देवानंद: काही नाही. ती डझनाचा भाव सांगत होती.

गिरिजा: चार अंडी. निळी. तुझ्या बाबांच्या पेटीत.

रचना: पेटीत? साळुंकीची?

देवानंद: अपवादात्मक केस आहे. एकच जोडी आहे.

गिरिजा: चार अंड्यांना एकच जोडी पुरते.

रचना: बाबा, तुम्ही म्हणाला होतात ती आत जाऊच शकत नाही. तोंडासमोर आडवी फळी. पोपट पायांनी आणि चोचीने धरत धरत बाजूने आत उतरतो, साळुंकीला सरळ उडत घुसायची सवय, ती फळीला धडकते आणि परत जाते. हे मी अख्ख्या गावाला समजावलंय. हातवारे करून. एकदा स्वतः पोपट होऊन दाखवलंय.

देवानंद: आणि ते बरोबरच आहे. सुरुवातीला धडकत होती ना ती. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचो. यायची, धडकायची, शिव्या द्यायची, जायची. प्रत्येक धडकेला मी खूण करत होतो. मग एक दिवस ऑफिसातून येऊन बघतो तर बाई आत. गवत, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, शेजारच्या शहनाजच्या मुलीची रिबन, सगळा संसार लागलेला. मी परत सगळं तपासलं. फट बरोबर. उतार बरोबर. मला वाटतं गल्फमधल्या साळुंक्या जास्त अनुभवी असतील.

रचना: हे मी परवा सभेत सांगू?

देवानंद: सांगायचं कशाला? सत्त्याण्णव म्हण आणि पुढे जा. यल्ला.

रचना: बाबा, चाळीस पेट्या व्हायच्या आहेत. गावातल्या निवृत्त लोकांनी तुमच्या मापाच्या फळ्या कापून ठेवल्यात. जुनी झाडं गेली, पोपटांना ढोल्या उरल्या नाहीत, ज्या उरल्यात त्या साळुंक्यांनी बळकावल्या. इकडचा वसंत सप्टेंबरात, तो यायच्या आत पेट्या झाडांवर चढायला हव्यात. आणि हे सगळं माझ्या शब्दावर चाललंय. तुम्हाला कळतंय का? या गावात येऊन इतकी वर्षं झाली, मला कुणी काही सांगितलं तर एवढंच सांगायचे, येताना समोसे आण. पहिल्यांदा कुणीतरी काम दिलंय.

गिरिजा: ते का दिलं, तेही सांग की.

रचना: त्या पक्ष्याला इकडे 'इंडियन मैना' म्हणतात. गटात मी एकटीच इंडियन. त्यांना वाटतं मला आतली माहिती असणार.

देवानंद: विश्वास आहे त्यांचा.

रचना: साळुंकीला कुणी नावं ठेवली की आधी माझ्याकडे बघून सॉरी म्हणतात. मग ठेवतात. कर्कश आहे, सॉरी रचना. दुसऱ्याच्या घरात घुसते, सॉरी रचना. मागच्या सभेत एका बाईंनी मला विचारलं, ज्याने साळुंक्या दुखावून निघून जातील असं काही आहे का.

गिरिजा: मग? काय सांगितलंस?

रचना: म्हटलं, माझ्या आईला विचारून सांगते. बाबा, पेटीचा फोटो पाठवा. आत्ताचा.

देवानंद: आत्ता ऊन आहे समोरून, नीट येणार नाही.

रचना: बाबा.

देवानंद: पाठवतो. हा घे. बघ, फिनिशिंग बघ.

रचना: फळीच्या खाली काय बांधलंय?

देवानंद: कुठे?

रचना: आडवं. गोल. दोन्ही टोकांना निमुळतं.

देवानंद: ते सपोर्टला दिलं असेल काहीतरी.

रचना: बाबा, ते लाटणं आहे.

गिरिजा: सागवानी आहे. माझ्या आईने दिलेलं.

देवानंद: गिरिजा?

गिरिजा: काय गिरिजा? अंड्यावर आलेली होती ती. सारखी येऊन डोकं आपटत होती आणि तुम्ही समोर बसून चहा पीत खुणा करत होतात. मला बघवेना. तिला नुसतं पाय टेकायला काहीतरी हवं होतं. बांधलं. परकराची नाडी होती, तिने बांधलं.

देवानंद: म्हणून आपण पोळ्यांऐवजी रोज विकतचे कुबूस खातोय?

गिरिजा: आज कळलं का.

देवानंद: मला वाटलं तुझे गुडघे दुखतायत.

रचना: थांबा. बाबा, तुम्ही फट तपासलीत, उतार तपासलात, आणि समोरचं लाटणं दिसलं नाही?

देवानंद: ड्रॉइंगमध्ये नव्हतं ते. मी ड्रॉइंगमध्ये असतं ते तपासतो.

रचना: म्हणजे पेटीत चूक नाहीच. लाटणं नसतं तर ती शिरली नसती.

देवानंद: कशी शिरेल? मी तेच तर म्हणत होतो. लिही, शंभर टक्के. मी आज रिव्हिजन चार पाठवतो. कारण, मानवी हस्तक्षेप.

गिरिजा: मानवी हस्तक्षेप म्हणजे मी का?

देवानंद: रिपोर्टमध्ये नाव नाही टाकत.

रचना: नाही बाबा, हे टाकायलाच हवं. हसू नका, खरंच. इकडे हेच होतंय. अर्धं गाव मांजरं रात्री घरात घेतं. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात म्हणून गाड्या हळू हाकतं. कोंबड्यांचं खाणं झाकून ठेवतं. आणि उरलेलं अर्धं गाव अंगणात पाव टाकतं. एक आजोबा आहेत, ते सकाळी साळुंक्यांना पाव घालतात आणि संध्याकाळी सभेत येऊन विचारतात, या एवढ्या वाढल्या कशा? मी आता सांगते त्यांना, पेटी उत्तम आहे, फक्त तिच्याजवळ दयाळू माणूस फिरकू देऊ नका.

गिरिजा: चांगलं आहे. आईला स्लाइडवर घाल.

देवानंद: चला, म्हणजे खलास, काम झालं. आता फक्त सुरैया मॅडम आल्या की पेटी त्यांच्या हातात द्यायची.

रचना: कोण सुरैया मॅडम?

देवानंद: पर्यावरणवाल्या. इथेही घरटी काढायची मोहीम चालू आहे ना. साळुंक्या आणि कावळे, दोन्ही आपल्याकडून आलेले. इथल्या पक्ष्यांना जगू देत नाहीत. एकेक बिल्डिंग घेत फिरतायत, दुपारची नमाज झाली की आपल्याकडे. मी आमच्या बिल्डिंगचा समन्वयक आहे.

गिरिजा: आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये घरटं एकच. समन्वयकाच्या बाल्कनीत.

देवानंद: म्हणूनच आधी आपलं द्यायचं. उदाहरण घालून दिलं पाहिजे.

गिरिजा: मी देणार नाही.

देवानंद: गिरिजा, बाई सरकारी आहे.

गिरिजा: सरकारी असली तरी बाईच आहे ना? बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, तिला सांगेन मी. हिंदी येतं तिला.

रचना: आई, तो पक्षी आहे.

गिरिजा: मला दिसतंय पक्षी आहे. वेड नाही लागलेलं. म्हणून काय तिला ताकद नको? शहनाज रोज उकडलेल्या अंड्याचा बलक आणून देते. मी डिंकाचा लाडू कुस्करून ठेवते. ऊन लागतं म्हणून माझी ओढणी लावलीय पडद्याला.

रचना: साळुंकीला डिंकाचे लाडू?

गिरिजा: तुला केले होते. केयूर झाला तेव्हा. विमानं बंद होती, येता आलं नाही, म्हणून पार्सल केलं. काय झालं त्यांचं?

रचना: आई, आता त्याला शाळेत घालायची वेळ आली.

गिरिजा: काय झालं लाडवांचं?

रचना: नष्ट केले. इथे बाहेरचं बी-बियाणं, सुकामेवा, काही येऊ देत नाहीत. इथल्या झाडांना, प्राण्यांना काही लागू नये म्हणून.

गिरिजा: माझ्या लाडवांनी कांगारूला काय होणार होतं?

देवानंद: खारकेत कीड असू शकते.

गिरिजा: तुम्ही गप्प बसा. मी निवडून घेतल्या होत्या. माझ्या एकुलत्या एका मुलीचं बाळंतपण मला करता आलं नाही. ती तिकडे पाव खाऊन उठली, कामाला लागली. आता एक आपण होऊन दारात आली आहे—

देवानंद: बाल्कनीत.

गिरिजा: —आली आहे, तर मला करू द्या. जूनच्या शेवटी आपलं इथलं रेसिडेंट कार्ड संपतं, फ्लॅट कंपनीला परत द्यायचा, बदलापूरला जायचं. तिची पिल्लं त्याच्या आत उडतील. आपण जाऊ, तीही जाईल. तेवढे दिवस कुणाचं काय जातंय?

देवानंद: मी इथे आयुष्य घालवलं गिरिजा. एकदाही सिग्नल तोडला नाही. जाता जाता घरात साळुंकी लपवली म्हणून नाव व्हायला नको.

गिरिजा: आपण तरी इथले होतो का? आपणही उडतच आलो.

देवानंद: आपण व्हिसा घेऊन आलो. कुणाच्या घरात शिरलो नाही.

रचना: आई, मी एक सांगू? रागावू नकोस.

गिरिजा: सांग.

रचना: आमच्या रस्त्यावर एक जुनं झाड आहे. त्याच्या ढोलीत पोपटाची जोडी होती. लाल डोकं, निळे पंख, इथेच सापडतात. मी रोज केयूरला फिरायला नेताना बघायचे. पिल्लं झाली होती. एके सकाळी साळुंकीची जोडी आली. माझ्यासमोर त्यांनी एकेक पिल्लू चोचीत धरून बाहेर टाकलं. पोपटीण बाजूच्या फांदीवर बसून होती. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती, आई. तीही बाळंतीणच होती.

गिरिजा: हे आधी नाही सांगितलंस.

रचना: तुला काय सांगायचं. तू म्हणाली असतीस, केयूरला तिकडून नेऊ नकोस.

गिरिजा: म्हटलं असतं.

देवानंद: तिकडे लिफ्ट वाजली बहुतेक. मी बघतो हं.

फोनमधून आवाज: आई, जेवलीस का?

गिरिजा: हो गं, मघाशीच सांगितलं ना. कधीच जेवले.

फोनमधून आवाज: जेवलीस का? जेवलीस का?

गिरिजा: आता किती वेळा विचारशील? रचना?

रचना: मी नाही विचारलं, आई.

गिरिजा: मग कोण?

देवानंद: मॅडम नव्हत्या, लिफ्ट वरती गेली. काय झालं?

गिरिजा: हिच्या घरात कुणीतरी मराठी बोलतंय.

देवानंद: जावईबापू शिकले?

रचना: नाही बाबा. साळुंकी आहे.

देवानंद: कुठे?

रचना: इथे. कपडे धुवायच्या खोलीत. गटाने सगळ्यांना एकेक पिंजरा दिला होता. माझ्यात पहिलीच अडकली ती. पकडलेली व्हेटकडे द्यायची असते, आणि तिथून ती परत येत नाही. मी त्यांना सांगितलं, दार उघडं राहिलं, उडून गेली.

देवानंद: रचना, तू साळुंकीविरोधी गटाची वक्ता आहेस.

रचना: माहितेय मला.

देवानंद: आणि तुझ्या घरात साळुंकी आहे.

रचना: तुम्ही बिल्डिंगचे समन्वयक आहात बाबा.

देवानंद: माझ्याकडे निदान लाटण्याचं कारण आहे.

गिरिजा: अहो, थांबा जरा. रचना, ती बोलायला कुठे शिकली?

रचना: मी तुला फोन त्याच खोलीतून करते ना. बाकी घरात केयूरचं कार्टून चालू असतं. ती ऐकते. आधी मला कळलंच नाही. एकदा मी नुसती कपडे वाळत घालायला आले तर मागून म्हणाली, जेवलीस का. मला रडूच आलं. या गावात मला ते कुणी विचारत नाही, आई. हाऊ आर यू विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे जातात. केयूरला शिकवते तर तो 'हाय आजी' म्हणून पळतो. मग ती दिली नाही. उद्या देऊ, उद्या देऊ, असं चाललंय.

गिरिजा: आणि परवा उभी राहून लोकांना सांगणार, दयाळू माणसांना पेटीजवळ येऊ देऊ नका.

रचना: हो.

गिरिजा: माझीच आहेस.

देवानंद: यावर एक तोडगा आहे. दोन्हीकडे एकाच वेळी करायचं. इकडे आईने पेटी द्यायची, तिकडे तू पिंजरा द्यायचा. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. मी एक ते तीन मोजतो.

गिरिजा: कैद्यांची अदलाबदल आहे का ही?

देवानंद: पद्धतशीर होईल.

रचना: आई, तू नको देऊस हवं तर. मी कुठल्या तोंडाने सांगू तुला?

गिरिजा: त्या पोपटिणीची पिल्लं किती होती?

रचना: मोजली नाहीत. बघवत नव्हतं.

देवानंद: बेल. त्याच आहेत. गिरिजा, मी काय सांगू त्यांना? गिरिजा? कुठे चाललीस?

गिरिजा: तुम्ही दार उघडा. पाणी विचारा त्यांना. मी बाल्कनीत आहे.

रचना: बाबा, फोन घेऊन जा ना बरोबर. काय चाललंय ते सांगा मला.

देवानंद: सांगतो. अस्सलाम अलैकुम मॅडम, आइए, आइए. रचना, सुरैया मॅडम आल्यात, बरोबर एक माणूस आहे, जाडजूड हातमोजे घातलेला. त्यांना खजूर दिले. आई बाल्कनीत स्टुलावर चढली आहे. नाडी सोडतेय. गाठ पक्की आहे, दाताने सोडतेय. साळुंकी बाहेर आली, समोरच्या डिश अँटेनावर जाऊन बसली. ओरडतेय.

रचना: ऐकू येतंय.

देवानंद: मी आईला म्हटलं, आत ये, म्हणजे ती ओरडायची थांबेल. आई म्हणतेय, ओरडू दे, तिचा हक्क आहे. लाटणं सुटलं. ते काखेत घेतलंय. आता पेटी उतरवली. ओढणी तशीच गुंडाळून ठेवलीय वरती. मॅडमनी हात पुढे केले. आई देत नाहीये अजून. आई त्यांना काहीतरी सांगतेय.

रचना: काय सांगतेय?

देवानंद: म्हणतेय, पेटीमध्ये काही दोष नाही. मेरे साहब ने बनाया है. एकदम पक्का है. बिगाडा मैंने.

रचना: मग?

देवानंद: दिली. मॅडम शुक्रिया म्हणाल्या. रिकामी पेटी परत पाठवतो म्हणाल्या, इन्शाल्ला. आणि हे काय आता, त्या विचारतायत हे डिझाइन कुणाचं. त्यांना इथल्या पक्ष्यांसाठी हवंय. गिरिजा, ऐकलंस का? मी ड्रॉइंग काढून देतो मॅडमना. थांबा हं मॅडम, प्रिंट आहे. रिव्हिजन तीन. रचना, तू आईशी बोल, मी आलोच.

गिरिजा: गेले. ड्रॉइंग घेऊन खालपर्यंत गेले त्यांच्याबरोबर.

रचना: आई.

गिरिजा: अंडी गरम होती गं. पेटीला खालून हात लावला तर लाकूड गरम.

रचना: मी परवा देते. सभेच्या आधी. आणि तिथे खरं सांगते, उडून नव्हती गेली म्हणून.

गिरिजा: सांग. मग समोसे आणायलाही नाही सांगितलं, तर नाही सांगितलं.

रचना: हो.

गिरिजा: तोवर तिला नीट खाऊ घाल. लाडू नको देऊस, तुझ्या देशाला चालत नाही. भात दे कालवून.

रचना: देते.

गिरिजा: आणि हे लाटणं मी तुलाच देणार आहे. पुढच्या वेळी आले की. धुऊन, घासून. लाकडाचं चालतं का तिकडे?

रचना: विमानतळावर दाखवावं लागतं. तपासतात. कीड नसेल तर देतात परत.

गिरिजा: तपासू दे.

फोनमधून आवाज: आई, जेवलीस का?

गिरिजा: आता हे कोण विचारतंय?

रचना: मी.

गिरिजा: मग नाही जेवले.